‘गेम खेळा, वजन उतरेल’ या मेसेजला मुद्द्यागणिक उत्तर

पालकांच्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर अधूनमधून फिरत असतो. शब्द बदलतात, आशय तोच राहतो. जपानी लोकांनी हातात मावणारा एक व्हिडिओ गेम काढलाय, त्याच्यासोबत कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र येतं. तो गेम रोज दहा हजार पावलं चालवून घेतो, काय खावं ते शिकवतो, एकवीस दिवसांत सवय अंगवळणी पाडतो. मुलांना मैदानावर न्यायची गरज उरत नाही, वजन आपोआप उतरतं आणि मधुमेहाच्या गोळ्याही सुटतात. खाली ‘जास्तीत जास्त लोकांना पाठवा’ हे आहेच.

यातली यंत्रं खरी आहेत. २००८ मध्ये युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने जपानी निन्टेंडो कंपनीच्या डीएस या हातातल्या गेम-यंत्रासाठी वजन कमी करायला मदत करणारा गेम आणला, सोबत पेडोमीटर म्हणजे पावलं मोजणारं यंत्र दिलं. त्याच वर्षी निन्टेंडोने जपानमध्ये स्वतःचा चालण्याचा गेम काढला आणि पुढच्या वर्षी तो अमेरिका-युरोपात पोचला. २००९ मध्ये निन्टेंडोच्याच यंत्रावरच्या पोकेमॉन या गेमसोबत पोकेवॉकर हे खिशात ठेवायचं पेडोमीटर आलं. निन्टेंडोच्या २०११ च्या थ्रीडीएस या पुढच्या यंत्रात तर पावलं मोजायची सोय यंत्राच्या आतच होती. आता हेच काम फोनवरचे गेम करतात. मला ही कल्पना मनापासून आवडते. म्हणूनच हा मेसेज वाचून राग येतो, कारण त्यावर विसंबून सुरुवात करणारा माणूस दीड महिन्यात गेम कपाटात टाकतो आणि दोष स्वतःला देतो. आपल्यातच जिद्द नाही, असं त्याला वाटू लागतं. खोटं आश्वासन मेसेजने दिलेलं असतं आणि अपराधी वाटत राहतं वाचणाऱ्याला.

‘दहा हजार पावलं हा जपानी शास्त्रज्ञांनी ठरवलेला आकडा आहे’

आकडा जपानचा आहे, पण तो प्रयोगशाळेतून आलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर जपानमध्ये व्यायामाची लाट होती. १९६५ मध्ये यामासा या कंपनीने पेडोमीटर विकायला काढलं आणि त्याच्या नावातच दहा हजार पावलं घातली. आकडा गोल आणि लक्षात राहण्यासारखा होता, तो टिकला.

संशोधन नंतर झालं. २०१९ मध्ये हार्वर्डच्या आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १६,७४१ वृद्ध स्त्रियांच्या पावलांच्या नोंदी तपासल्या. त्यांचं सरासरी वय ७२ होतं. दिवसाला साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये पुढच्या काही वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी दिसलं. साडेसात हजारांच्या आसपास फायदा वाढायचा थांबला. तरुणांना हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण गुडघे दुखणाऱ्या साठीतल्या बाईने मेसेज वाचून पहिल्याच दिवशी दहा हजारांचं लक्ष्य लावलं, तर ती रोज हरणार. त्याऐवजी आधी आठवडाभर नुसती मोजणी करावी आणि जे येईल त्यात पाचशे-हजार पावलं वाढवावीत. अशा गेममध्ये लक्ष्य बहुधा आपल्याला बदलता येतं. ते बदलण्यात कमीपणा नाही.

‘गेम चालवून घेतो’

सुरुवातीला घेतो, हे मान्य. पुढचं मेसेज सांगत नाही.

पोकेमॉन गो हा बाहेर फिरून पोकेमॉन नावाचे काल्पनिक प्राणी पकडायचा फोनवरचा गेम २०१६ च्या जुलैमध्ये आला तेव्हा बागांतून झुंडीच्या झुंडी फिरत होत्या. आपल्याकडे तो डिसेंबरात अधिकृतपणे आला, त्याच्याही आधीपासून लोक खेळत होतेच. त्याच डिसेंबरात ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अमेरिकेतल्या तरुण आयफोनधारकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फोनने आपोआप नोंदवलेली पावलं त्यात तपासली होती. गेम घेतल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात दिवसाला सरासरी ९५५ पावलं वाढली. मग ती वाढ उतरत गेली. सहाव्या आठवड्यात माणसं गेम घेण्याआधी जितकी चालत होती तितकीच चालत होती.

खेळणाऱ्यांना याचं कारण माहीत असतं. गेममधलं बक्षीस आधी नवं असतं, मग ते सवयीचं होतं आणि शेवटी कंटाळवाणं. थ्रीडीएसचीच रचना बघा. १०० पावलांना गेममध्ये वापरायचं एक नाणं, दिवसाला जास्तीत जास्त दहा नाणी. म्हणजे हजार पावलांनंतर त्या दिवशी यंत्राकडून तुम्हाला काहीच मिळत नाही. हजार पावलं तर घरातल्या घरात आणि बसस्टॉपपर्यंत होऊन जातात. ज्याला नाण्यांसाठीच चालायचंय त्याचं चालणं तिथे संपतं. शिवाय पेडोमीटर हलवलं की पावलं वाढतात, हा शोध कुठल्याही मुलाला पहिल्याच संध्याकाळी लागतो.

मग पावलं मोजण्यात अर्थच नाही का? आहे, आणि चांगला आहे. २००७ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात पेडोमीटरवरच्या २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. पेडोमीटर लावणाऱ्यांचं चालणं आधीपेक्षा साधारण २७ टक्क्यांनी वाढलं होतं, आणि त्यात महत्त्वाची ठरलेली गोष्ट म्हणजे समोर पावलांचं ठरावीक लक्ष्य असणं. पडद्यावरची बाहुली, नाणी, पोकेमॉन या त्यावरच्या गोष्टी. काम करतो तो दिसणारा आकडा.

निन्टेंडोच्या चालण्याच्या गेममधला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हाच. तो दिवसाच्या बेरजेवर थांबत नाही, तुम्ही कुठल्या मिनिटाला हललात याचा आलेख काढतो. आमच्या बाबांना निवृत्तीनंतर वाटायचं की आपण दिवसभर काही ना काही करत असतो. आलेखात सकाळचा फिरण्याचा उंच डोंगर होता, आणि जेवणानंतर थेट दिवेलागणीपर्यंत सपाट रेघ. त्यांना कुणी काही बोललं नाही. चार वाजता दूध आणायला स्वतः जायचं, हे त्यांनीच ठरवलं. पुढे गेम बंद पडला, दूध आणणं चालू राहिलं. गेमकडून एवढी अपेक्षा ठेवली तर तो ती पुरी करतो.

‘एकवीस दिवसांत सवय लागते’

हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधल्या निरीक्षणातून आला. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान एकवीसेक दिवस लागतात, असं त्यांनी लिहिलं होतं. ‘किमान’ गळून पडलं आणि आकडा व्यायामालाही चिकटला.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना एकेक सवय निवडायला सांगून तिचा माग ठेवला. कुणी जेवणासोबत फळ खायचं ठरवलं, कुणी पाणी प्यायचं, कुणी रात्रीच्या जेवणाआधी पळायचं. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. व्यक्तीगणिक फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता, आणि व्यायामाला खाण्यापिण्याच्या सवयींपेक्षा जास्त वेळ लागला. यातली दिलासा देणारी गोष्ट अशी की मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. सलग दिवसांची साखळी तुटली की बक्षीस काढून घेणारे गेम याच्या नेमकं उलट शिकवतात. एक दिवस चुकला की सगळं गेलं असं वाटतं, आणि माणूस सोडून देतो.

वरचा सहाव्या आठवड्याचा आकडा इथे शेजारी ठेवा. गेमचा उत्साह ओसरतो तेव्हा सवय बहुधा अजून लागलेलीच नसते. त्यामुळे चालणं पहिल्या दिवसापासून गेमबाहेरच्या कशाला तरी बांधलेलं हवं: मुलाला शाळेत सोडणं, भाजी, देऊळ, मैत्रिणीची सोबत.

‘काय खावं ते गेम शिकवतो’

हा मेसेजमधला सर्वांत पोकळ मुद्दा आहे, आणि दुर्दैवाने वजनाशी सर्वांत जवळचाही.

शिकवण्याबद्दल आधी चांगलं सांगते. ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमध्ये टॉम बॅरानोव्स्की यांच्या गटाने १० ते १२ वर्षांच्या मुलांसाठी खास दोन गेम तयार केले. ते संगणकावरचे होते, पण खटाटोप मोठा होता. कथा होती, आणि मधेमधे मुलांनी स्वतःची खाण्याची-हालचालीची उद्दिष्टं ठरवायची होती. २०११ मध्ये निष्कर्ष आले. फळं-भाज्यांचं खाणं दिवसाला साधारण एका वेळच्या वाढपाच्या दोन तृतीयांशाने वाढलं. पाणी पिणं, शारीरिक हालचाल आणि शरीरातल्या चरबीचं प्रमाण यांत फरक पडला नाही. मुलं थोडी जास्त भाजी खाऊ लागली ही चांगलीच गोष्ट. पण तज्ज्ञांनी खपून केलेल्या गेमचं फळ इतकं असेल, तर दुकानातल्या गेमकडून किती धरायचं?

आता आपलं ताट. परदेशी गेमच्या प्रश्नमंजूषेत ब्रेड, सिरियल, सॉस, सोडा यांची निवड असते. आपल्याकडे प्रश्न फोडणीला तेल किती पडलं हा असतो, आणि तो कुठल्याही पडद्यावर दिसत नाही. पाच ग्रॅमचा एक छोटा चमचा तेल म्हणजे ४५ कॅलरी. एकाच नावाची वांग्याची भाजी एका घरात दोन चमचे तेलात होते, दुसऱ्या घरात तरीसकट पळीभर तेलात. गेमच्या यादीतून ‘वांग्याची भाजी, एक वाटी’ निवडली की दोन्ही घरांना एकच आकडा मिळतो. वाटीही प्रत्येक घरची वेगळी.

आणि आपल्या बहुतेक घरांत गेम ज्याच्या हातात असतो त्याच्या हातात पळी नसते. मुलगा किंवा नवरा पडद्यावर ‘कमी तेल’ हा पर्याय निवडून गुण मिळवेल, रस्सा मात्र आईने किंवा बायकोने केला तसाच ताटात येईल. खाणं बदलायचं तर बाजारची यादी आणि डब्यातला पदार्थ बदलतो, आणि ते स्वयंपाक करणाऱ्या माणसाशी बोलून होतं. गेमच्या नोंदवहीतली वाक्यं त्या माणसाला ऐकवणं हा संवाद नव्हे. त्याने घरात भांडणं होतात.

पावलांनी खाणं फेडता येतं, हा गैरसमजही गेम वाढवतो. साठ-सत्तर किलोच्या माणसाला हजार पावलांत ढोबळमानाने तीस-चाळीस कॅलरी लागतात. एका वडापावच्या तीनेकशे कॅलरी धरल्या तर हिशोब आठ-दहा हजार पावलांवर जातो. ‘आज लक्ष्य पूर्ण झालं’ म्हणून मिळालेल्या शाबासकीवर खाल्लेला वडापाव त्या दिवसाचं चालणं पुसून टाकतो. चालण्याचे इतर फायदे उरतात, वजनाचा उरत नाही.

बसून खेळण्याचा परिणामही लक्षात घ्यायला हवा. २०११ मधल्या एका प्रयोगात किशोरवयीन मुलांनी तासभर व्हिडिओ गेम खेळल्यावर जेवताना जास्त खाल्लं, आणि भूक मात्र जास्त लागल्याचं त्यांनी सांगितलं नाही.

‘मुलांना मैदानाची गरज नाही’

आहे. २००७ मध्ये लिव्हरपूलच्या संशोधकांनी किशोरांवर हातवारे करून खेळायचे गेम तपासले. बसून खेळण्यापेक्षा ऊर्जा जास्त लागली, पण खऱ्या खेळापेक्षा बरीच कमी. २०१२ मध्ये बॅरानोव्स्की यांच्याच गटाने मुलांना घरी हालचालीचे गेम दिले आणि तेरा आठवड्यांच्या प्रयोगात यंत्राने हालचाल मोजली. बसून खेळायचे गेम मिळालेल्या मुलांपेक्षा ती जास्त हलली नाहीत. मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते दमवणारी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

मैदानच नसलेल्या वस्तीत, पावसाळ्यात, किंवा इतरांसमोर पळायची लाज वाटणाऱ्या मुलासाठी २०१९ मध्ये आलेल्या रिंग फिट या निन्टेंडोच्या व्यायामाच्या गेमसारखा गेम चांगली सोय आहे. त्यात स्क्वॅट (उठाबशा) खरे करावे लागतात, घाम खरा येतो. जपानमध्ये जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांना तो आठवड्यातून एकदा ४० मिनिटं असा आठ आठवडे दिला, तेव्हा दुखणं कमी झालं आणि दुखणं असूनही आपण हालचाल करू शकतो हा विश्वास वाढला.

मुलांच्या हातात वजन विचारणारा गेम मात्र देऊ नका. मोठ्यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) आणि मुलांचा बीएमआय वेगळ्या पद्धतीने वाचतात. मुलांच्या बाबतीत वय आणि मुलगा की मुलगी, हे धरूनच अर्थ लावायचा असतो. दहा वर्षांच्या मुलीला पडद्याने ‘तू जाड आहेस’ असं सांगितलं तर ते वाक्य तिच्या मनात वर्षानुवर्षं राहतं. मोठ्यांसाठीही एक गोष्ट: परदेशी यंत्रं बहुधा २५ च्या पुढे ‘जास्त वजन’ म्हणतात, तर भारतीयांसाठी धोक्याची रेषा २३ ला धरतात, कारण आपल्यात कमी वजनातही पोटाभोवती चरबी आणि मधुमेह आढळतो. म्हणजे २४ बीएमआय असलेल्या माणसाला गेम शाबासकी देईल, तेव्हा त्याने कमरेचा घेर आणि रक्तातली साखर तपासून घेतलेली बरी.

‘मधुमेहाच्या गोळ्या सुटतात’

जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं की रक्तातली साखर कमी चढते, हे खरं आहे, आणि गेमने ती आठवण करून दिली तर उत्तमच. पण गोळी सोडायचा निर्णय पावलांच्या आकड्यावर होत नाही. साखर तपासून, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारी रक्तचाचणी) बघून डॉक्टर तो घेतात. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असताना एकदम जास्त चालायला लागलात तर साखर नको इतकी उतरू शकते. चालणं वाढवायच्या आधी डॉक्टरांना तसं सांगा, पहिले काही दिवस साखर जास्त वेळा तपासा आणि निघताना खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी ठेवा. घाम फुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली तर पावलं पूर्ण करायच्या मागे लागू नका. जागच्या जागी बसा, पुडी तोंडात टाका, आणि सोबत कुणी असेल तर त्याला सांगा.