लोबेराला काढलं म्हणून एफसी गोव्याचं वाटोळं झालं?

२४ एप्रिल २०२४ च्या रात्री मी फातोर्ड्यात होतो. फुटबॉलच्या इंडियन सुपर लीगमधला (आयएसएल) एफसी गोव्याचा उपांत्य फेरीचा पहिला सामना, घरचं मैदान, समोर मुंबई सिटी. नव्वदाव्या मिनिटापर्यंत आपण २-० ने पुढे होतो आणि शेवटची शिट्टी वाजली तेव्हा २-३ ने हरलो होतो. सावंतवाडीला परतताना बांदा येईपर्यंत गाडीत कुणी शब्द काढला नाही. बांद्याला चहासाठी थांबलो, मोबाइल उघडला आणि तोच जुना मजकूर पुन्हा समोर आला. एफसी गोवा महत्त्वाचा सामना हरला की तो हमखास फिरायला लागतो. त्याचा आशय असा: प्रशिक्षक सर्जियो लोबेराला २०२० मध्ये संघ अव्वल असताना काढलं आणि हाताशी आलेलं यश घालवलं; त्याने पुढच्याच वर्षी मुंबईला दोन करंडक मिळवून दिले; त्यानंतर गोव्याला काहीच जिंकता आलं नाही; आणि हे सगळं स्थानिक माणसांना पुढे आणण्याच्या हट्टापायी झालं.

लिहिणाऱ्याचं दुःख खरं आहे. तेच माझंही आहे. पण त्यातला एकेक मुद्दा तपासला की पाया टिकत नाही, आणि खरं दुखणं मात्र नजरेआड राहतं.

संघ अव्वल होता, हे खरं. ३१ जानेवारी २०२० ला लोबेरा गेला तेव्हा १५ सामन्यांत आपले ३० गुण होते आणि साखळीतले तीन सामने उरले होते. त्या वेळी ही बातमी वाचून मीसुद्धा संतापलो होतो. पण पुढे काय झालं ते या मजकुरात कधीच नसतं. क्लिफर्ड मिरांडाने हंगामी म्हणून सूत्रं घेतली, सोबत तांत्रिक संचालक डेरिक परेरा होते. हैदराबादला ४-१, मुंबईला ५-२ आणि जमशेदपूरला त्यांच्याच मैदानावर ५-०. तीन सामने, चौदा गोल, नऊपैकी नऊ गुण. ३९ गुणांवर साखळी संपली, साखळीत पहिल्या येणाऱ्या संघाला मिळणारी शील्ड आपल्याकडे आली आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत जाणारा पहिला भारतीय क्लब म्हणून गोव्याचं नाव लागलं. या संघाची घडी लोबेराने बसवली होती, त्याचं श्रेय त्याचंच. पण हाताशी आलेलं यश घालवलं म्हणता ते यश नेमकं कोणतं? शील्ड तर मिळाली.

यावर उत्तर येतं ते चेन्नईयिनविरुद्धच्या उपांत्य फेरीचं. चेन्नईत १-४ ने हरलो, घरी ४-२ ने जिंकलो, एकूण ५-६. लोबेरा असता तर जिंकलो असतो, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. मग मार्च २०१८ आठवा. लोबेरा होता, समोर हाच चेन्नईयिन होता, फेरीही उपांत्यच होती आणि आपण एकूण १-४ ने हरलो होतो. वर्षभराने मुंबईतल्या अंतिम सामन्यात बेंगळुरूच्या राहुल भेकेने ११७व्या मिनिटाला हेडरवर गोल केला तेव्हाही बाकावर लोबेराच होता. २०१९ चा सुपर कप त्याने जिंकून दिला, तो विसरायचा नाही. पण आयएसएलच्या बाद फेरीत त्याची गोव्याबरोबरची कामगिरी काही अशी नव्हती की तो गेला म्हणजे करंडकच गेला.

आता मुंबईचा मुद्दा. सगळ्यांत जास्त सांगितला जातो तो हाच, म्हणून इथे जरा थांबतो.

२०२०-२१ मध्ये लोबेराच्या मुंबई सिटीने शील्ड आणि करंडक दोन्ही जिंकले. पण त्या संघाची यादी एकदा काढून बघा. मधल्या फळीत अहमद जाहू. त्याच्या पुढे ह्युगो बुमू, ज्याला करारातली रक्कम भरून गोव्यातून उचललं. बचावात मूर्तदा फाल. डाव्या बाजूला मंदार राव देसाई, आपला गोंयकार कर्णधार. चौघेही एकाच उन्हाळ्यात गोव्यातून तिथे गेले. त्यांच्या जोडीला ओगबेचे आणि ली फॉन्ड्र हे आघाडीपटू. आणि या सगळ्यामागे सिटी फुटबॉल ग्रुप, ज्याने २०१९ च्या नोव्हेंबरात मुंबईचा ६५ टक्के हिस्सा घेतला होता. म्हणजे तयार कणा, त्याला ओळखणारा प्रशिक्षक आणि मँचेस्टर सिटीच्या मालकांची तिजोरी, हे तिन्ही एकत्र आलं. त्यातून लोबेरा चांगला प्रशिक्षक आहे एवढंच सिद्ध होतं, आणि त्याबद्दल कुणाचाच वाद नाही. तो गोव्यात राहिला असता तर हेच घडलं असतं, असा अर्थ त्यातून निघत नाही. मुंबईची तिजोरी काही फातोर्ड्यात आली नसती.

त्या वर्षीच्या उपांत्य फेरीत मुंबईसमोर कोण होतं? आपणच. नवा प्रशिक्षक हुआन फेरांडोचा नवा संघ, आपला आघाडीपटू कोरोही निघून गेलेला. पहिला सामना २-२, दुसरा ०-०, पेनल्टी शूटआउटमध्ये ५-६. ज्या संघाचं वाटोळं झालं म्हणता, तो त्या दुहेरी विजेत्यांपुढे दोन्ही सामन्यांत हरला नाही. कोविडमुळे मैदान रिकामं होतं. आम्ही घरात टीव्हीसमोर बसून घसा कोरडा केला.

नंतर लोबेरा चीनमध्ये गेला, परत येऊन ओडिशाबरोबर दोन हंगाम राहिला. संघ चांगला खेळला, करंडक मात्र आला नाही. ओडिशाकडे एकच मोठा करंडक आहे, २०२३ चा सुपर कप. तो कोझिकोडला बेंगळुरूला २-१ ने हरवून मिळाला तेव्हा प्रशिक्षक होता क्लिफर्ड मिरांडा, तिथेही हंगामीच.

यातच स्थानिक हट्टाच्या आरोपाचंही उत्तर आहे. क्लिफर्ड म्हणजे गोव्याच्या धेंपो क्लबच्या सुवर्णकाळाचा मधल्या फळीतला खेळाडू. डेरिक परेरांनी २००५-०६ मध्ये मुंबईच्या महिंद्रा युनायटेडला राष्ट्रीय लीग जिंकून दिली होती. यांना कुणी वशिल्याने बसवलं, असं म्हणायला तोंड तरी कसं धजतं? शिवाय स्थानिक माणूसच पुढे आणायचा असता तर शील्ड जिंकून देणाऱ्या क्लिफर्डलाच पूर्ण वेळ पद मिळालं असतं. क्लबने फेरांडोला आणलं. नंतर कार्लोस पेन्या, त्याच्यानंतर मानोलो मार्केझ. तिघेही स्पॅनिश, आणि तिघांच्याही संघांनी चेंडू पायाशी ठेवून खेळण्याची तीच रीत चालू ठेवली. दिशा हरवली म्हणणाऱ्यांनी प्रशिक्षकांची ही यादी तरी बघावी.

लोबेराला का काढलं यावर तेव्हा पुष्कळ तर्क झाले. कुणी ड्रेसिंग रूममधल्या कुरबुरी सांगतं, कुणी त्याच्या पुढच्या करारातले मतभेद. ऐकीव गोष्टींवर मी बोट ठेवणार नाही. काढण्याची वेळ वाईट होती आणि चाहत्यांना नीट विश्वासात घ्यायला हवं होतं, एवढं मात्र मी आजही म्हणेन.

त्यानंतर काहीच जिंकलं नाही, हे तर सरळ चूक आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये कोलकात्यात मोहम्मेडन स्पोर्टिंगला जादा वेळेत १-० ने हरवून ड्युरँड कप जिंकला; गोल एडू बेडियाचा, फ्री किकवर. मे २०२५ मध्ये भुवनेश्वरला जमशेदपूरला ३-० ने हरवून सुपर कप. मधल्या काळात एप्रिल २०२१ ची आशियाई चॅम्पियन्स लीग, तीही आपल्याच फातोर्ड्यात. प्रशिक्षक लॉरां ब्लांच्या कतारी अल रय्यानला ०-० वर रोखून त्या स्पर्धेत भारतीय क्लबने मिळवलेला पहिला गुण, मग अल वाहदाशीही बरोबरी. आदल्या वर्षीच्या उपविजेत्या, इराणच्या पर्सेपोलिसविरुद्ध एडूने १४व्या मिनिटाला डोक्याने गोल मारला तेव्हा काही मिनिटं का होईना, आपण पुढे होतो. गोलरक्षक धीरज सिंगने त्या आठवड्यांत जे गोल वाचवले ते आजही डोळ्यांपुढे आहेत. यात लोबेराच्या शील्डचा वाटा आहेच, कारण तिकीट तिने मिळवून दिलं. पण हे दिवस झालेच नाहीत असं सांगणं म्हणजे त्या पोरांवर अन्याय आहे.

आयएसएल करंडक अजून नाही, हे खरं. तो लोबेराच्या आधीही नव्हता. २०१५ चा अंतिम सामना प्रशिक्षक झिकोच्या संघाने फातोर्ड्यातच २-३ ने गमावला होता. २०२१-२२ मधला नववा आणि त्यापुढच्या वर्षीचा सातवा क्रमांकही खराच. पण नवव्या क्रमांकाच्या त्या हंगामात डिसेंबरमध्ये काय झालं? हंगाम चालू असताना एटीके मोहन बागानने फेरांडोला उचललं. काढलेल्या प्रशिक्षकापेक्षा पळवलेल्या प्रशिक्षकाने आपलं जास्त नुकसान केलं.

खरं दुखणं इथेच आहे. २०२० च्या उन्हाळ्यात संघाचा कणा एकाच क्लबकडे गेला आणि दीड वर्षाने प्रशिक्षक भर हंगामात गेला. दोन्ही वेळा प्रश्न करारांचा होता: किती वर्षांचा, सोडायचं झालं तर रक्कम किती, आणि नूतनीकरणाची बोलणी कधी सुरू केली. लोबेराला काढलं नसतं तरी मुंबईचा पैसा आलाच असता, आणि तो राहिला असता तरी बुमूच्या करारातलं ते कलम तसंच राहिलं असतं. इतकी वर्षं आपण एका माणसाच्या नावाने भांडतोय आणि क्लबला हे विचारायचंच राहून गेलंय.

२२ ऑक्टोबर २०२५ ला फातोर्ड्यात सौदीचा अल नस्र क्लब आला होता. आपण १-२ ने हरलो. पण ०-२ ने मागे असताना ४१व्या मिनिटाला ब्रायसन फर्नांडिसने गोल मारला तेव्हा पायऱ्यांचं सिमेंट हललं. आयएसएलने आदल्या हंगामातला उदयोन्मुख खेळाडू म्हणून निवडलेला हा गोव्याचाच पोरगा. पुढच्या वेळी तो जुना मजकूर आला तर पुढे पाठवण्याआधी क्लबला एक प्रश्न विचारा: ब्रायसनसारख्या पोरांना धरून ठेवायला तुमच्या करारात काय आहे?