विमान वेळेवर सोडवून घ्यायचे उपाय

परवा रात्री नागपूर विमानतळावर, उभ्या विमानात, साडेतीन तास उकडून निघालो. कारण चाक. सहप्रवाशांकडून जे शिकलो ते तुमच्याही उपयोगी पडेल.

आधी उभे राहा आणि वरची बॅग काढा. विमान कुठेही जात नसलं तरी.

मग हवाई सुंदरीवर ओरडा. चाक तीच तर बदलते.

'टेक्निकल' शब्द ऐकू आला की मोठ्याने हसा. आमच्या 4सी मधले काका म्हणाले, "माझ्या स्कॉर्पिओचे टायर केव्हाचे गुळगुळीत झालेत, दोनदा समृद्धीने मुंबई गाठली." माणसं टाळ्या वाजवतात हो यावर! गाडीच्या टायरात हवा असते 32-35 पीएसआय, विमानाच्या टायरात 200 च्या आसपास. पण काकांना कोण सांगणार.

चाक गळून पडलं तरी घाबरू नका. मे 2021 मध्ये याच नागपूरहून उडालेल्या एअर ॲम्ब्युलन्सचं पडलं होतं. मुंबईला पोटावर उतरवलं, सगळे सुखरूप. म्हणजे चाकं तशी शोभेचीच.

व्यवस्थापक असाल तर टायरात हवा कमी आहे म्हणणाऱ्या मेकॅनिकला गप्प बसवा. नोंदवहीत आकडा तेवढा नीट लिहा. हवेला नायट्रोजनचा सिलिंडर लागतो, आकड्याला पेन पुरतं. जुलै 1991, जेद्दा. हज करून नायजेरियाला परतणारे यात्रेकरू, कॅनडातल्या कंपनीचं भाड्याचं डीसी-8. दोन टायरांत हवा कमी, हे मेकॅनिकना चार दिवस आधीच कळलं होतं. नायट्रोजन लगेच मिळेना, वेळापत्रक आधीच कोलमडलेलं, वरून हुकूम आला की जाऊ द्या. गेलं. धावपट्टीवरच टायर फुटले, चाक फिरायचं थांबलं, घासून पेटलं. आगीचा वैमानिकांना पत्ता नाही. त्यांनी रीतसर चाकं पोटात घेतली, म्हणजे आगच पोटात घेतली. परत फिरले, पण धावपट्टी गाठता आली नाही. 261 माणसं. सगळी गेली! एका सिलिंडरपायी! आणि आमच्या विमानात एक जण विचारत होता, "थोडी हवा कमी असली तर काय होतं?"

हे होतं.

शिडी चढताना मी पाहिलं होतं. चमकणारं जाकीट घातलेला एक पोरगा चाकापाशी उकिडवा, टॉर्च दातात धरलेला. टायरच्या एका बाजूचं रबर गेलेलं, आतले धागे दिसत होते, आणि तो त्यांवरून बोट फिरवत होता. त्याने 'नाही' म्हटलं म्हणून आपण थांबलो. नंतर तो सही घ्यायला वर आला, तर त्याला शिव्या घातल्यात तुम्ही. लाज वाटत नाही?

आणि कंपनीवाल्यांनो, चाक मुंबईहून येणार हे पहिल्या मिनिटाला ठाऊक होतं ना? मग 'थोड्याच वेळात' कशाला? खाली उतरवा, चहा द्या, सरळ सांगा. एसी बंद करून लोकांना कोंडता आणि त्यांचा राग त्या पोरावर सोडता.

काका, मुंबईत उतरताना पायलटला घड्याळ कसलं दाखवत होतात हो?