वय जास्त म्हणून खातं नाही? खुलासा

‘पंचविशी उलटली की विद्यार्थ्याचं बँक खातं निघत नाही, मग शिष्यवृत्ती विसरा,’ असा मेसेज जळगाव-धुळे-नंदुरबारच्या ग्रुपांवर फिरतोय. तो अर्धवट आहे. ‘स्टुडंट अकाउंट’ ही त्या-त्या बँकेची योजना. तिला वयाची अट असू शकते. पण रिझर्व्ह बँकेच्या २०१२ च्या सूचनेनुसार शून्य शिलकीचं मूलभूत बचत खातं प्रत्येक बँकेने द्यायचं आहे आणि त्याला वयाची वा उत्पन्नाची अट लावायची नाही. त्याच बँकेत दुसरं बचत खातं मात्र ठेवता येत नाही. महाडीबीटीचे, म्हणजे राज्य सरकारच्या पोर्टलवरून मिळणाऱ्या शिष्यवृत्तीचे पैसे आधार जोडलेल्या खात्यात येतात, जनधनही चालतं. संसार सांभाळून पुन्हा शिकणाऱ्या बायांची खरी अडचण वेगळीच: आधारवर सासरचं नाव, गुणपत्रिकेवर माहेरचं. विवाह नोंदणीचा दाखला सोबत न्या.