खानदेशच्या उन्हात जलरंगाचे थर बसतात

चित्रकलेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: "वातावरणाचं निसर्गचित्र जलरंगात करायचं तर कोकणात जा. खानदेशात धुकं नाही, उन्हात वॉश (भरपूर पाण्यातल्या रंगाचा पातळ थर) लगेच वाळतो, आणि थरावर थर दिले की रंगांचा चिखल होतो." जळगाव-धुळ्याकडची शिकणारी मुलं हे खरं मानतात, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

आधी धुक्याचं बघू. चित्रात वातावरण येतं ते आपण आणि डोंगर यांच्यामधल्या हवेमुळे. फैजपूरकडून उत्तरेला बघा. जवळच्या केळीच्या बागा गडद, त्यामागे करडी झाडी, आणि सातपुड्याची रांग फिकट निळी. मे महिन्यात धुराळा चढला की तीच रांग पांढुरकी, पिवळसर दिसते. चित्रकाराला याहून जास्त काय हवं?

वाळण्याची तक्रार मात्र अर्धी खरी आहे. भुसावळला पारा ४५ अंशांवर गेला की ओल्या कागदावर ओला रंग सोडायला सवडच मिळत नाही. त्यासाठी ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड) कॉटन कागद दोन्ही बाजूंनी भिजवून अ‍ॅक्रिलिक शीटवर पसरावा, रंग आधीच वाटीत भरपूर कालवून ठेवावा आणि ऊन तापायच्या आत काम उरकावं. थरांच्या कामाला मात्र हीच कोरडी हवा लागते! खालचा थर पूर्ण सुकल्याशिवाय वरचा देता येत नाही, आणि पावसाळ्यात कोकणातले चित्रकार त्यासाठी हेअर ड्रायर घेऊन बसतात. ओली चमक गेली एवढ्यावर विसंबू नका. हाताची मागची बाजू कागदाला हलकेच टेकवा. गार लागलं तर आत ओल आहे.

राहिला चिखल. अर्धवट ओल्या थरावर ब्रश घासला की खालचा रंग उठतो, चिखल होतो तो तिथे. कॅडमियमसारखे अपारदर्शक रंग एकावर एक चढवले तरी तेच. इंग्लिश चित्रकार टर्नरचं १८४२ सालचं 'द ब्लू रिगी' हे स्वित्झर्लंडमधल्या रिगी डोंगराचं जलरंगचित्र बघा: निळ्याचे पातळ थर एकावर एक, तरी डोंगर स्वच्छ आणि हवेत भिजलेला. सातपुड्यालाही तीच पद्धत लावा. सर्वांत लांबची रांग आधी, अगदी पातळ रंगात. सुकल्यावर जलरंग फिका पडतो, तेव्हा दिसायला हवा त्याहून थोडा गडद कालवा. रुंद, मऊ ब्रश एकदाच फिरवा आणि हात काढून घ्या.