मानेवरची प्रत्येक निळी गाठ जिरत नाही

आमच्या नाशिकमधल्या इंदिरानगरच्या ग्रुपवर आठवड्यात तीनदा एकच मेसेज आला: “मुलांच्या मानेवरची मऊ, निळसर गाठ रक्ताची असते, पाच-सहा वर्षांत आपोआप जिरते. तपासण्या म्हणजे पैसे उकळणं. सुई टोचली की कॅन्सर होतो. फारच वाढली तर शीर बांधून टाकायची.” माझ्या भाचीला अशी गाठ होती, म्हणून राहवत नाही.

‘जिरते’ हे हिमँजिओमाबद्दल, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या वाढीमुळे होणाऱ्या गाठीबद्दल, बरंचसं खरं आहे. ती गाठ जन्मानंतर काही आठवड्यांत दिसते, पहिल्या वर्षात भराभर वाढते आणि मग ओसरते. पण व्हॅस्क्युलर मालफॉर्मेशन म्हणजे पोटात असतानाच रक्तवाहिन्यांची किंवा लसिकावाहिन्यांची (पाण्यासारखा द्रव वाहून नेणाऱ्या नळ्यांची) घडण चुकलेली असते. ती मुलाबरोबर वाढते, जिरत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे 1982 सालीच मलिकन आणि ग्लोवाकी या संशोधकांनी मांडलं. भाची बुटाची नाडी बांधायला वाकली की जांभळाएवढी गाठ लिंबाएवढी व्हायची. अंगठ्याने दाबली की बसायची, अंगठा काढला की सावकाश भरून यायची. ‘जिरेल’ म्हणत ताईने चार वर्षं घालवली.

तपासणीचं म्हणाल तर डॉपलर सोनोग्राफीत कळतं की आत रक्त संथ आहे, वेगाने धावतंय की नुसत्या पाण्याच्या पिशव्या आहेत. आमच्या डॉक्टरांनी तिला नाक-तोंड मिटून जोर लावायला सांगितला आणि पडद्यावर गाठ फुगलेली आम्हीच पाहिली. एमआरआयमध्ये ती जिभेच्या मुळापर्यंत किंवा श्वासनलिकेजवळ गेली आहे का ते दिसतं. हे न बघता चिरा देणं धोक्याचं.

मालफॉर्मेशन हा कॅन्सर नाही आणि सुईने तो होतही नाही. स्क्लेरोथेरपीत सोनोग्राफीत बघत औषध पोकळीत सोडतात, म्हणजे ती आतून आक्रसते. त्यातलं ब्लिओमायसिन हे औषध कॅन्सरवरही वापरतात, अफवा बहुधा तिथूनच निघाली. भाचीला हे तीनदा करावं लागलं. प्रत्येक वेळी आधी मान सुजली, ताई घाबरली, मग उतरलं.

सगळ्यात घातक सल्ला शीर बांधायचा. धमनीचं रक्त थेट शिरेत घुसतं ती गाठ (एव्हीएम) हाताला गरम लागते, थरथरते. तिला रक्त पुरवणारी धमनी बांधली तर द्वारका चौकात एक रस्ता बंद केल्यावर होतं तेच होतं: गाड्या गल्लीबोळांतून चौकातच येतात. शेजारच्या वाहिन्या रुंदावतात, गाठ पुन्हा भरते, शिवाय उपचारासाठी आत नळी न्यायचा मार्गही बुजतो. योग्य रीत म्हणजे जांघेतून बारीक नळी नेऊन गाठीचा गाभाच बुजवायचा आणि एक ते तीन दिवसांत शस्त्रक्रियेने गाठ काढायची. मानेत ओठ, जीभ, खांदा आणि आवाज सांभाळणारे मज्जातंतू दाटीने असतात. सर्जन आधी ते शोधून बाजूला घेतात, मग गाठीला हात लावतात. त्यामुळे अशा कामाची सवय असलेली टीम गाठायला नाशिकहून मुंबईला जावं लागलं, तरी जावं.

सर्दी झाली आणि पाण्याची गाठ एकदम फुगली, श्वासाला घरघर लागली, गिळता येईना किंवा गाठीतून रक्त आलं, तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा.