निष्कर्ष आधी, संशोधन मागाहून

पीएच.डी.चा संशोधन आराखडा लिहिताना सर्वांत संताप आणणारा रकाना म्हणजे ‘अपेक्षित निष्कर्ष’. गोव्यातील गावकरी संस्थांच्या (म्हणजे गावची जमीन सामूहिकपणे सांभाळणाऱ्या ग्रामसंस्थांच्या) जुन्या कागदपत्रांवर काम करू इच्छिणाऱ्याने, पणजीच्या पुराभिलेखागारात बसून मोडी आणि पोर्तुगीज दप्तरे वाचण्याआधीच, त्यांतून काय निघणार आहे हे छातीठोकपणे लिहून द्यावे, अशी अपेक्षा असते. या संस्थांच्या रूढी नोंदवणारा १५२६ चा फोराल, म्हणजे पोर्तुगीज सनद, सर्वांना ठाऊक आहे. पण त्यानंतर एकेका गावात प्रत्यक्षात काय घडले, हेच तर शोधायचे असते ना? निष्कर्ष आधीच ठाऊक असते, तर हा खटाटोप कशासाठी केला असता?

त्यात आराखडा तपासणाऱ्या समितीचे एक सदस्य म्हणतात, विषय फार व्यापक आहे, एकच गाव घ्या. तसे केल्यावर पुढच्या बैठकीत दुसरे म्हणतात, एका गावावरून काय सिद्ध होणार? गृहीतक हवेच, हा आग्रह तर सर्वांचाच, जणू दप्तरखान्यातला शोध म्हणजे प्रयोगशाळेतील चाचणी. संदर्भसूचीतील स्वल्पविरामांवर मात्र अर्धा तास मनसोक्त चर्चा होते. (आराखडा सर्वांनी पूर्ण वाचलेला असतो, याविषयी मला रास्त शंका आहे.)

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन वर्षे लागतात आणि सर्वसाधारण कमाल मर्यादा सहा वर्षांची आहे. या दुरुस्त्यांच्या फेऱ्यांत जाणारा काळ त्यातूनच वजा होतो, आणि मुदतवाढीचा अर्ज करावा लागतो तो विद्यार्थ्यालाच, समितीला नव्हे.