पहिल्या नंबराची गाय

माझ्या सर्वकालीन दहा रॉक अल्बमांच्या यादीत पहिल्या नंबरावर सध्या एक गाय उभी आहे. मी तिला तिथं बांधलेली नाही. परवा संध्याकाळी आमच्या फाट्यावरच्या पानठेल्यावर ती बहुमतानं बांधली गेली, आणि यादी माझी असूनही मला मत विचारलं गेलं नाही.

शहरातल्या एका दिवाळी अंकाला यादी हवी होती, प्रत्येक अल्बमवर चार-चार ओळी. घरी लाइन गेलेली, रेंज तर घरी कधीच नसते. म्हणून फाट्यावरच्या बाकड्यावर बसून मोबाइलवर कव्हरं काढत होतो आणि सनावळ्या ताडून पाहत होतो. तेवढ्यात शेजारी येऊन टेकला तो हेडी. हा गुरांच्या बाजारातला जुना दलाल. समोर बैल असो, ट्रॅक्टर असो की होणारा जावई, आधी खोड काढायची आणि मग बोलायचं, हा त्याचा शिरस्ता.

"काय पाह्यता गुरुजी?"

"गाण्याच्या रेकॉर्डी. सगळ्यात चांगल्या दहा निवडतोय."

"निवडाचं काम आपलंच हाय. दाखवा बरं."

मोबाइल माझ्या हातातून त्याच्या हातात कधी गेला ते कळलंच नाही. आधी निघाला लेड झेपलिनचा चौथा अल्बम, १९७१चा. कव्हरवर बँडचं नाव नाही, अल्बमचं नाव नाही. नुसता पाठीवर काटक्यांचा भारा घेतलेला वाकलेला म्हातारा. हेडीनं दोन बोटांनी म्हातारा मोठा केला.

"याले निराधारचे पैसे नाई भेटत काय?"

मी सांगितलं, हा इंग्लंडातल्या विल्टशायरचा, छपरं शाकारणारा माणूस. तो कोण होता याचा पत्ता २०२३ साली लागला, म्हणजे अल्बम निघाल्यावर बावन्न वर्षांनी.

"म्हनजे बावन्न वर्षं केवायसीच चालू होती म्हना ना."

पानठेलेवाला खर्रा घोटता घोटता हसला. तिथंच माझी संध्याकाळ हातची गेली. बीटल्सच्या 'ॲबी रोड'वर चौघं रस्ता ओलांडताहेत, त्यातला एक अनवाणी. हेडी म्हणाला, "चपला मांगं राह्यल्या वाटते." निर्वाणा या बँडच्या १९९१च्या अल्बमवर पाण्यातलं उघडं बाळ आणि गळाला लावलेली डॉलरची नोट. "याची माय कुठी हाय?" यावर पाच मिनिटं चर्चा झाली. ठेलेवाल्याला नोट खरी आहे का तेवढंच हवं होतं. संगीताबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

मग मी पिंक फ्लॉइडचा १९७३चा 'डार्क साइड ऑफ द मून' काढायला गेलो, तर हेडीच्या अंगठ्यानं त्यांचाच १९७०चा 'ॲटम हार्ट मदर' उघडला. हा माझ्या यादीत नव्हताच. त्याच्या कव्हरवर हिरव्या कुरणात एक गाय आहे. पाठमोरी, मान वळवून पाहणारी. बाकी काही नाही.

हेडी उठून उभा राहिला.

"होल्स्टन हाय गुरुजी. काया-पांढरी, अस्सल."

"हो. लुलुबेल तिसरी नाव तिचं."

"तिसरी? म्हनजे पयल्या दोन विकल्या. पन मांगून काहून फोटो काढला?" आता तो माझ्याशी बोलत नव्हता, जमलेल्या मंडळीला शिकवत होता. "दात दाखवाचे नाई म्हनून! दोन दाती हाय का जुळली, वय समजाले रस्ताच नाई ठेवला. ना नाव, ना गाव. लय बेरकी मालक हाय. पन गायीत खोट नाई. वाजवा."

वाजवला. पहिल्या बाजूला एकच रचना, तेवीस मिनिटांच्या वर. सुरुवातीला पितळी वाद्यं घुमतात.

"हा तं वरातीचा बँड हाय!"

मी वाद घालणार होतो, पण ट्रम्पेट, ट्रॉम्बोन ऐकून माणूस दुसरं काय म्हणणार? पुढं कोरस आला तेव्हा ठेलेवाल्यानं हात थांबवले. या रचनेच्या एका भागाचं नावच शेणावरून ठेवलंय, असं मी सांगितलं. टोमणा म्हणून सांगितलं होतं, पण हेडीनं ते शिफारसपत्र मानलं. शेवटी मी हुकमाचं पान टाकलं: खुद्द बँडवाल्यांनीच नंतर या रेकॉर्डला नावं ठेवलीत.

"मालक आपल्या गुराले लोकांपुढं नावं ठेवते तवा समजाचं, त्याले विकाचं नाई. नंबर किती देता?"

म्हटलं, समीक्षक पाचपैकी तारे देतात.

"पाचच? मंग तं एका हातातच काम होते." असं म्हणून त्यानं खांद्यावरचा दुपट्टा माझ्या हातावर टाकला, आणि बाजारात भाव ठरवताना दाबतात तशी दुपट्ट्याआड माझी पाचही बोटं करकचून दाबली. मग ठेलेवाल्यानं दाबली. मग दूधवाल्यानं, आणि एसटीची वाट पाहणाऱ्या दोन अनोळखी पाहुण्यांनीही. रॉकच्या इतिहासात गुप्त मतदान झालं असेल तर ते हेच, आणि अजून माझी करंगळी ठणकते आहे.

पहिला नंबर मी ब्लॅक सॅबथच्या १९७०च्या पहिल्या अल्बमसाठी राखला होता. त्यांचा गिटारवाला टोनी आयोमी आधी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतराव्या वर्षी यंत्रात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. पठ्ठ्यानं प्लास्टिक वितळवून टोपणं केली, बोटांना लावली आणि पुन्हा गिटार धरली. पुढं तारा सैल केल्या, आवाज खाली उतरला, जड झाला. हेवी मेटल नावाच्या रॉकला तो जडपणा मिळाला त्यात याचा मोठा हात. हे मी जीव तोडून सांगितलं. कडेला उभ्या एकानं विचारलं, "त्याले नुकसानभरपाई भेटली काय?" त्याची स्वतःची दोन बोटं मागं थ्रेशरमध्ये गेलीत. माझ्याकडं उत्तर नव्हतं. चार ओळींत हे कुठं बसवायचं तेही अजून सुचलेलं नाही.

हेडीचा राग येतो, पण तो निदान तेवीस मिनिटं ऐकत तरी बसला. दुसऱ्या दिवशी संपादकांचा फोन आला. "यवतमाळच्या खेड्यातून रॉक! काय वेगळा विषय आहे! एक फोटो पाठवा ना. शेतात, कानाला हेडफोन, मागं बैल असेल तर उत्तमच. आणि लेखात कापसाचा, आत्महत्यांचा धागा येतो का बघा." मी शाळामास्तर. बैल नाही, शेत भावाकडं. पुण्याच्या माणसाला पिंक फ्लॉइड आवडला तर त्याच्याकडं कुणी शनिवारवाड्यापुढचा फोटो मागतं का? 'डार्क साइड' १९७३ ते १९८८ या काळात अमेरिकेच्या बिलबोर्ड या खपाच्या यादीत ७४१ आठवडे होता. एवढ्या वर्षांत तो विकत घेणाऱ्या एकाला तरी दुकानदारानं विचारलं असेल का, की बाबा, तुझ्याकडं यंदा पाऊस कसा आहे? गिटारचं वेड लागायला सातबारा कशाला लागतो? आत्महत्यांचा धागा म्हणे! आमच्या गावात ज्या घरात ते घडलं, त्या घरावरून रोज शाळेत जातो मी. तो काय लेखाला शिवायला ठेवलाय?

फोटो पाठवणार नाही असं कळवलं. "हरकत नाही, आमचा चित्रकार बैल काढेल," असं उत्तर आलं.

बाजाराच्या दिवशी हेडी पुन्हा आडवा आला. "गुरुजी, गाय पयल्या नंबरले लागली ना? माही दलाली?"

"अजून छापून यायचंय."

"भाव तं ठरला असन. किती देतात?" आणि त्यानं दुपट्टा पुढं केला.

मी खाली हात घातला.

"दाबा ना बोट."

"दाबून झालं."

तो क्षणभर माझ्याकडं पाहत राहिला. "फुकट?"

"अंकाची एक प्रत देतात. टपालखर्च आपला."

"अरे बाप्पा," हेडी दुपट्टा झटकत म्हणाला, "याच्यापरीस तं पऱ्हाटी बरी."

यंदा कापसाच्या पऱ्हाटीची काय गत आहे ते त्याला ठाऊक होतं, तरी तो असं म्हणाला.